अकरावा दिवस

(दृश्य: पहाटेचा एसटी स्टँड, समोर होर्डिंग)

सव्वासहाची एसटी. दोघी जावा, मधे प्लॅस्टिकची फाइल. समोरच्या होर्डिंगवर गोबऱ्या गालांचं बाळ आणि खाली आयव्हीएफचे सुलभ हप्ते. थोरलीच्या फाइलमध्ये नळ्या मोकळ्या असल्याचा रिपोर्ट आहे, नवऱ्याचा वीर्यतपासणीचाही आहे, तोही ठीक. नवरा मात्र आमच्या चित्रीकरणात कुठेच नाही. दुखणं एकच: पीसीओएस, संप्रेरकांच्या बिघाडामुळे अंडं फुटून बाहेर पडत नाही. अशा बाईला आधी गोळी द्या, असं २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. होर्डिंगवर गोळीचा उल्लेख नाही.

(दृश्य: कॅलेंडर, पेनानं केलेली पाच वर्तुळं)

पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून सातव्यापर्यंत रोज एक लेट्रोझोल. मुळात हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध. ते शरीरात इस्ट्रोजेन बनू देत नाही. इस्ट्रोजेन घसरलं की मेंदूच्या तळाची पियुषिका ग्रंथी जागी होते, एफएसएच हे अंडं पिकवणारं संप्रेरक वाढवते, आणि अर्धवट वाढून थांबलेल्या फॉलिकलपैकी, म्हणजे अंड्याच्या पिशव्यांपैकी, एखादं फुगू लागतं.

याच गोळीच्या या वापरावर भारतात ऑक्टोबर २०११मध्ये बंदी आली. बाळात व्यंग येईल, अशी शंका होती. २०१४ साली अमेरिकेतल्या ७५० बायकांवरचा अभ्यास आला. लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफिन या जुन्या गोळीवर १९.१ टक्के. व्यंगांत ठळक फरक दिसला नाही. बंदी उठायला २०१७ उजाडलं.

(दृश्य: नर्सचे हात, काचेची कुपी, पांढरी पूड, पाण्यात विरघळताना)

गोळीनं जमलं नाही तर ही कुपी. हात बघा, कुपी हलवायची नाही, हळू फिरवायची. ही पूड आली कुठून? पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून. अंडाशय उत्तर देईनासं झालं तरी पियुषिका हाका मारतच राहते, आणि तिचं एफएसएच लघवीतून वाहून जातं. रोमच्या सेरोनो कंपनीतले पिएरो डोनिनी यांनी १९४९च्या सुमारास ते वेगळं काढलं. पण औषध करायचं तर लघवी हवी पिंपांनी, आणि तीही गरोदर बाईची चुकून मिसळलेली चालणार नाही. एका छपराखाली राहणाऱ्या, वयस्क, गरोदर राहण्याची शक्यता नसलेल्या बायका कुठे मिळतील? इटलीतल्या ख्रिस्ती मठांत. तिथल्या जोगिणींनी, म्हणजे नन्सनी, भांडी भरून दिली. १९६२ साली इस्रायलमध्ये ब्रूनो लुनेनफेल्ड यांच्या उपचारांनंतर या औषधावरचं पहिलं बाळ जन्मलं. ज्यांनी आई न होण्याचं व्रत घेतलं होतं, त्यांच्याकडून आलेलं औषध!

या इंजेक्शनांनी जुळी-तिळी राहू शकतात, क्वचित अंडाशय सुजून पोटात पाणी होतं, म्हणून सोनोग्राफी चुकवायची नाही.

(दृश्य: सोनोग्राफीची खोली, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी, मग पडदा)

करड्या पडद्यावर काळं वर्तुळ, थोरलीचं फुगलेलं फॉलिकल. डॉक्टर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात. १९ मिलिमीटर. गर्भाशयाचं अस्तरही चांगलं आहे. आज अंडं फुटायचं इंजेक्शन, मग साधारण छत्तीस तास.

(दृश्य: धाकटी जाऊ बोटांवर तास मोजते. आवाज नाही.)

परतीची एसटी साडेअकराची.