साइड म्हणजे नाशक

(सकाळ. पऱ्हाटीवर दव. धुऱ्यावरून दप्तरं घेऊन चाललेली पोरं.)

यवतमाळ जिल्हा. पऱ्हाटीला बोंडं धरलीत. फवारणीचे दिवस.

(वर्ग. फळा, खडू धरलेला हात.)

जिल्हा परिषदेची शाळा, आठवीचा वर्ग, इंग्रजीचा तास. सरांनी औषधांची माहितीपत्रकं आणायला सांगितली होती. रिकामे डबे आणायला मात्र सक्त मनाई. फळ्यावर तीन शब्द आहेत: इन्सेक्टिसाइड, हर्बिसाइड, फंगिसाइड. तिन्हींचं शेपूट एकच.

‘मराठीत काय म्हणता?’

कीटकनाशक. तणनाशक. बुरशीनाशक. अख्खा वर्ग एका सुरात.

‘मग साइड म्हणजे?’

(मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहतो.)

‘नाशक!’

मूळ लॅटिन धातू काएदेरे, म्हणजे कापणे, मारणे. हर्बा म्हणजे गवत, झाडपाला. फंगस म्हणजे अळंबी. शब्दकोश कुणी उघडलेला नाही.

(वहीचं पान. दोन रकाने.)

मराठी माध्यमाची पोरं इंग्रजीत मागे पडतात, असं आपण किती सहज म्हणतो! ही वही बघा. फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे संश्लेषण. मायक्रो सूक्ष्म, स्कोप दर्शक. थर्मो ताप, मीटर मापी. ग्रीक तुकड्यासमोर मराठी तुकडा. आपले पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांनी हेच तुकडे समोर ठेवले होते. विज्ञानाच्या तासाला पोरांनी जे पाठ केलं, तेच इंग्रजीच्या तासाला कामी येतंय.

(बोटं मोडून मोजणाऱ्या मुली.)

सप्तमी, अष्टमी, नवमी, दशमी. या तिथ्या आजीकडून आलेल्या. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं; तिथून मोजलं तर सातवा, आठवा, नववा, दहावा. सेप्टेम, ऑक्टो, नोवेम, देकेम. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं इंग्रज भाषापंडित विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ साली मांडलं होतं. इथं ते बोटांवर मोजून होतंय.

(वर्गात हशा.)

धातू दगाही देतो. पेडल पायाचं, मग पेडियाट्रिशियन पायाचा डॉक्टर? नाही. लॅटिन पेस म्हणजे पाय, आपलं पद. ग्रीक पैस म्हणजे मूल. बालरोगतज्ज्ञाला पायाचा डॉक्टर ठरवणारी पोट्टी स्वतःच सगळ्यात जास्त हसतेय.

मार्क वाढले का? थोडे, सर म्हणतात.

(फळा पुसला जातो.)

साइडच्या शेपटीचा आणखी एक शब्द आहे. विदर्भाच्या बातम्यांत नेहमी येणारा. सर तो फळ्यावर लिहीत नाहीत.

(संध्याकाळ. शेत. वडील पंपात पाणी ओततायत. मुलगी डब्याजवळ उकिडवी.)

२०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले.

डब्यावरची अक्षरं मुंगीएवढी. ती बोट न लावता वाचते. ह, र, बि.

‘बाबा, हे तणाचं आहे. पऱ्हाटी जयते यानं.’

(वडील डबा उचलतात, उजेडाकडे धरतात. निवेदन नाही. पंपाचं झाकण बंद होतं.)