काहाल बर्लिनला गेला त्याची गोष्ट

नमस्कार मंडळी. आज माणसाचा मेंदू मायक्रोस्कोपखाली उजेडात बघतात कसा, त्याबद्दल बोलू.

मेंदूचा पातळ काप काचेवर ठेवला, खालून उजेड सोडला, तर धड काही दिसतच नाही. बरं सगळ्या पेशी पूर्ण रंगवल्या तर नुसता काळा गिचका. मग करायचं काय? तर थोड्याच पेशी रंगवायच्या. हे लक्षात ठेवा, थोड्याच रंगल्या म्हणून दिसल्या.

हे जमवलं कामिल्लो गोल्जीने, शाळेत गोल्जी बॉडी शिकलात ना, तोच. मिलानजवळ आबियातेग्रासोला असाध्य रोग्यांच्या हॉस्पिटलात डॉक्टर होता आणि तिथल्या स्वयंपाकघरातच त्याने लॅब थाटली. १८७३ मध्ये त्याने मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवला, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकला, आणि शंभरातल्या जेमतेम काही पेशी काळ्याकुट्ट झाल्या, पण त्या फांद्यांसकट पूर्ण दिसल्या. लोकरीच्या गुंत्यात एकच धागा काळा असावा तसं.

आता माझी आवडती गोष्ट. स्पेनमध्ये सांतियागो रामोन इ काहाल नावाचा प्राध्यापक, त्याने १८८७ मध्ये माद्रिदला सिमारो नावाच्या डॉक्टरकडे ह्या रंगवलेल्या स्लाइड बघितल्या आणि झपाटलाच. त्याने युक्ती काय केली, तर मोठ्या प्राण्यांऐवजी पक्ष्यांची पिल्लं, गर्भ असं कोवळं घेतलं, कारण त्यांच्या तंतूंवर चरबीचं वेष्टण अजून पुरतं चढलेलं नसतं, रंग छान बसतो. आणि दिसलं काय? गोल्जी म्हणत होता मेंदू म्हणजे एक सलग जाळं, काहालला दिसलं की प्रत्येक पेशी सुटी आहे, फांदीचं टोक मोकळं आहे. हे त्याने स्वतःच्या खिशातून मासिक काढून छापलं, पण स्पॅनिशमध्ये, वाचणार कोण?

मग १८८९ च्या ऑक्टोबरात हा माणूस स्लाइड घेऊन थेट बर्लिनला गेला, जर्मन शरीरशास्त्रज्ञांच्या अधिवेशनाला. जर्मन येत नाही, मोडकंतोडकं फ्रेंच, आणि समोर सगळे मोठे मोठे लोक, जे ह्याला ओळखतसुद्धा नाहीत. त्याने टेबलावर मायक्रोस्कोप मांडले, स्लाइड लावल्या आणि म्हणाला, बघा. त्यात कोलिकर होते, बहात्तरीचे, त्या शास्त्रातले सगळ्यात वजनदार गृहस्थ. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि पटलं! सगळीकडे काहालचं नाव सांगत सुटले, एवढंच नाही, त्याचं लिखाण वाचता यावं म्हणून त्या वयात स्पॅनिश शिकायला बसले. मला ह्या माणसाचं फार कौतुक वाटतं.

१९०६ चं नोबेल गोल्जी आणि काहाल दोघांना मिळून मिळालं, आणि गोल्जीने स्टॉकहोमच्या भाषणातही काहालचं म्हणणं खोडूनच काढलं! पण बरोबर काहालच होता.

आणि काहाल जे दिसेल ते हाताने काढायचा, माणसाच्या मेंदूच्या आकृत्यासुद्धा. आपल्याकडे पोरं जर्नलमध्ये पुस्तकातली आकृती उतरवतात आणि मायक्रोस्कोप कपाटात कुलपात, हे बंद व्हायला पाहिजे. मूल आधी भिंगातून बघू दे, मग पेन्सिल हातात दे, असं माझं ठाम मत आहे. असो.

आता थोडक्यात पुढचं. साध्या उजेडाच्या मायक्रोस्कोपला साधारण २०० नॅनोमीटरच्या आतलं वेगळं ओळखता येत नाही, आणि दोन पेशींमधली फट त्याहून कितीतरी बारीक, वीसेक नॅनोमीटर. २०१५ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या एड बॉयडनच्या टीमने उलटा विचार केला, भिंग वाढवण्याऐवजी तुकडाच फुगवला. बाळाच्या डायपरमध्ये पाणी पिणारं जे जेल असतं त्याच जातीचं जेल मेंदूच्या तुकड्यात भरायचं, पाणी घालायचं, तुकडा प्रत्येक बाजूने चारेक पट मोठा होतो. मग नेहमीच्याच मायक्रोस्कोपने बारीक गोष्टी वेगळ्या दिसतात. नंतर माणसाच्या पेशीजालावरही हे करून बघितलंय.

आणि आपल्या देशात, चेन्नईला आयआयटी मद्रासने २०२४ मध्ये 'धरणी' नावाचा नकाशा आणला, माणसाच्या गर्भातल्या मेंदूचे ५१३२ काप, रंगवून, स्कॅन करून. सगळं नेटवर फुकट बघता येतं. पोरांना घेऊन बसा एकदा आणि झूम करून करून बघा.