एका सेकंदाला किती वेळ लागतो?

(दृश्य: चाळीसगाव रेल्वे स्थानक, संध्याकाळ. फलाटावर धुळ्याच्या गाडीची वाट बघणारी माणसं.)

चाळीसगावला उतरलेला माणूस सहसा इथे थांबत नाही. कुणाला धुळ्याची गाडी पकडायची असते, कुणाला भडगावची एसटी, कुणाला पाटणादेवी. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक जुना बंगला आहे, तिकडे फारच थोडे वळतात. मीही कॉलेजात जाईपर्यंत वळले नव्हते, आणि माझं आजोळ याच तालुक्यातलं.

हा बंगला केकी मूस यांचा. जन्म १९१२, मृत्यू १९८९. विलायतेत कला शिकून आलेला हा पारशी माणूस चाळीसगावात परतला आणि पुढची सुमारे पन्नास वर्षं या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. गावात अजून सांगतात की त्यांची प्रेयसी पंजाब मेलने येणार होती, आणि ते रोज रात्री त्या गाडीची वाट बघायचे. गाडी रोज आली, ती आली नाही. यातलं खरं किती आणि गावाने रचलेलं किती, कोण सांगणार? पण मला बोलायचंय माझ्या आवडत्या ॲनिमेशन स्टुडिओंबद्दल, आणि त्यासाठी माझ्या कामाची गोष्ट वेगळी आहे.

(दृश्य: एक टेबल, त्यावर लहानसहान वस्तू. एका बाजूने दिव्याचा तिरपा उजेड पडतो.)

केकी मूस ‘टेबल-टॉप’ फोटो काढायचे. टेबलावर घरातल्या किरकोळ वस्तू मांडायच्या, उजेड असा पाडायचा की फोटोत ते टेबल दिसूच नये. दिसावा एखादा रस्ता, एखादा माळ, एखादी थंडीची रात्र. एका फोटोसाठी तासन्‌तास मांडामांड. त्यांनी एकाच फोटोवर थांबायचं ठरवलं होतं. तीच मांडणी केसभर हलवून दुसरा फोटो काढला असता, मग तिसरा, आणि असे चोवीस, तर पडद्यावर एक सेकंद झाला असता. त्याला ॲनिमेशन म्हणतात.

मला आवडणारे ॲनिमेशन स्टुडिओ मी त्या टेबलावरून ओळखायला शिकले. कोण किती मोठा, कुणाकडे कोणतं यंत्र, हे मी बघत नाही. मी एवढंच विचारते, की हा स्टुडिओ आपला वेळ कुठे घालवतो?

(दृश्य: मातीच्या गोळ्याला आकार देणारे हात.)

इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरात आर्डमन नावाचा स्टुडिओ आहे. पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्सटन या दोन मित्रांनी तो १९७२ साली सुरू केला. पुढे निक पार्क आला आणि त्याच्याबरोबर वॉलेस नावाचा चीजवेडा गृहस्थ आणि ग्रोमिट नावाचा त्याचा कुत्रा. ग्रोमिटला तोंडच नाही. तो बोलत नाही, हसत नाही. त्याच्या कपाळावरची मातीची एक वळी वर-खाली होते आणि आपल्याला कळतं, आता याला मालकाचा राग आलाय, आता कीव आली.

१९९३ च्या ‘द राँग ट्राउझर्स’मध्ये एक पाठलाग आहे. घरातल्या दिवाणखान्यात, खेळण्यातल्या रेल्वेवर. रूळ संपत येतात, तेव्हा पळत्या गाडीवर बसलेला ग्रोमिट हातातल्या खोक्यातून एकेक रूळ काढून गाडीच्या पुढ्यात टाकत जातो. बघणाऱ्याचा श्वास अडकतो. आणि ते हलवणारा माणूस मात्र दिवसभर वाकून उभा असतो; संध्याकाळी त्याच्या पदरात दोन-तीन सेकंदांचं काम पडलं तर दिवस चांगला गेला म्हणायचं.

पण मी आर्डमनवर खरी भाळले ती ठशांमुळे. नीट बघा, वॉलेसच्या गालावर बोटांचे ठसे दिसतात. घासून गुळगुळीत करणं काही अवघड नव्हतं. त्यांनी ते मुद्दाम राहू दिले. पोळ्याच्या बाजारात कुंभारणीकडून घेतलेल्या बैलाच्या पाठीवर तिच्या अंगठ्याचा ठसा असतो ना, तसे.

(दृश्य: पाऊस. रस्त्याकडेचा एसटी थांबा, छत्री घेतलेली मुलगी.)

आता जपान. स्टुडिओ जिब्ली, स्थापना १९८५. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी, इसाओ ताकाहाता आणि निर्माते तोशिओ सुझुकी. यांच्याबद्दल इतकं बोललं गेलंय की मी फक्त माझ्या दोन आवडत्या जागा सांगते. ‘माय नेबर टोटोरो’, १९८८. दोन बहिणी पावसात बसथांब्यावर वडिलांची वाट बघतायत. बस येत नाही. धाकटी पेंगते, थोरली तिला पाठीवर घेते. पाणी ठिबकतं. बराच वेळ काहीच घडत नाही. एरंडोलच्या फाट्यावर ज्याने श्रावणात एसटीची वाट बघितली आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी जागा २००१ च्या ‘स्पिरिटेड अवे’मधली. पाण्यावरून जाणारी रेल्वे. नायिका चिहिरो गप्प बसून आहे, बाकीचे प्रवासी सावल्यांसारखे चढतात, उतरतात. गोष्ट ऐन मोक्यावर आलेली असताना दिग्दर्शक आपल्याला नुसता खिडकीशी बसवतो. या मोकळ्या जागेला जपानी लोक ‘मा’ म्हणतात. मियाझाकींनी टाळ्या वाजवून एकदा ते समजावलं होतं, दोन टाळ्यांच्या मधली जी शांतता, ती ‘मा’. आपले तबलजी याला वेगळं नाव देतील, पण मान डोलावतील हे नक्की.

या स्टुडिओचा वेळ कुठे जातो, त्याचा हिशोबही आहे. २०१३ च्या ‘द विंड रायझेस’मध्ये भूकंपानंतरच्या गर्दीचं चार सेकंदांचं एक दृश्य आहे. एइजी यामामोरी या ॲनिमेटरने त्यावर एक वर्ष आणि तीन महिने काम केलं. चार सेकंद! गर्दीतल्या प्रत्येकाला स्वतःची चाल, स्वतःची घाई. बघणाऱ्याला ते चुकून दिसलं तर दिसलं. माझा एक मित्र हे ऐकून म्हणाला, ‘इतक्या वेळात केळीचा एक बाग निघाला असता.’ रावेरचा आहे तो, हिशोब त्याचा चुकत नाही.

(दृश्य: जळगावातला एक रस्ता. ‘बारावीनंतर ॲनिमेशन शिका’ असा फलक.)

आपल्याकडे समजूत अशी, की ॲनिमेशन म्हणजे कॉम्प्युटर. या समजुतीला कारण पिक्सार हा अमेरिकेतला स्टुडिओ. आधी तो लुकासफिल्म या चित्रपट कंपनीचा एक विभाग होता. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्सने तो विभाग लुकासफिल्मकडून विकत घेतला आणि १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’ने संपूर्ण कॉम्प्युटरवर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट जगाला दिला. कॉम्प्युटरमुळे ते झालं हे खरंच. पण १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी जे काही तयार केलं होतं ते चित्रपटाला पैसा पुरवणाऱ्या डिस्नेच्या मंडळींनी पाहिलं आणि काम थांबवलं. कारण तांत्रिक नव्हतं. वुडी हा नायक इतका कुजका झाला होता की त्याच्याबद्दल कुणाला काही वाटेना. गोष्ट पुन्हा लिहावी लागली. पिक्सारचा वेळ तिथे जातो, बांधलेलं पाडण्यात. अलीकडे तो तितका तिथे जात नाही असं मला वाटतं. एकामागून एक पुढचे भाग काढताना पाडापाडीला फुरसत कुठली? पण हे माझं मत.

क्योटो ॲनिमेशनची गोष्ट मी आईला सांगितली, तेव्हा तिने पापड लाटता लाटता वर बघितलं. क्योटोजवळच्या उजी गावात १९८१ मध्ये योको हात्ता यांनी आसपासच्या गृहिणींना घेऊन ‘सेल’वर, म्हणजे चित्र उतरवलेल्या पारदर्शक कागदावर, रंग भरायची कामं सुरू केली. मोठ्या स्टुडिओंकडून आलेली चित्रं रंगवून परत पाठवायची. त्यातून उभा राहिलेला हा स्टुडिओ आपल्या चित्रकारांना महिन्याचा पगार देतो. जपानमध्ये जिथे चित्रामागे पैसे मोजायची रीत आहे, तिथे हे वेगळं. नगावर काम करणारा हात घाई करतो. पगारावरचा हात वाऱ्याने उडणाऱ्या केसांकडे थोडं जास्त बघू शकतो. त्यांच्या पडद्यावर ते दिसतं. २०१९ च्या जुलैमध्ये त्या स्टुडिओला एका माणसाने आग लावली, छत्तीस जण गेले. तो स्टुडिओ आजही काम करतोय.

(दृश्य: गिरणेचा काठ. दूरवर डोंगरांची रांग.)

आणि ज्याच्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला, तो आयर्लंडमधला कार्टून सलून. कार्टून सलून डब्लिनमध्ये नाही, तो आहे किल्केनीत. किल्केनीची वस्ती तीस हजारांच्याही आत. आपलं चाळीसगाव त्याच्यापुढे महानगर म्हणायचं! टॉम मूर, नोरा टूमी आणि पॉल यंग यांनी तो १९९९ मध्ये काढला. त्यांचे ‘द सीक्रेट ऑफ केल्स’, ‘साँग ऑफ द सी’, ‘द ब्रेडविनर’ आणि ‘वुल्फवॉकर्स’ हे चारही चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेले.

‘वुल्फवॉकर्स’ घडतो तो १६५० च्या किल्केनीतच. म्हणजे ज्या गावात बसून काढला, त्याच गावाची गोष्ट. तटबंदीच्या आतलं गाव त्यांनी काटकोनात, जाड रेषांत काढलंय, लाकडी ठशावरून छापल्यासारखं. तटाबाहेरच्या रानात मात्र रेषा सैल होतात, पेन्सिलीच्या कच्च्या खुणाही तशाच राहतात, लांडगे त्यातून वाहत येतात. कोण बंदिस्त आहे आणि कोण मोकळं, हे एकही वाक्य न बोलता कळतं. ‘केल्स’मध्ये चित्रं सपाट आहेत, कारण त्यांच्याकडच्या शेकडो वर्षांच्या जुन्या पोथीतली चित्रं तशी आहेत. ‘साँग ऑफ द सी’ त्यांनी आयरिश भाषेतही केला. रोजच्या व्यवहारात ती बोलणारे तिथेही थोडेच उरलेत.

हे पाहिलं की मला अहिराणी आठवते. कानबाईचे रोट आठवतात, आखाजीचे झोके, सातपुड्यातली होळी. आणि जळगावहून साठेक किलोमीटरवरची अजिंठ्याची ती भिंत, जिथे सहा सुळ्यांच्या हत्तीची गोष्ट रंगवली आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी चौकटी पाडल्या नाहीत. एकच पात्र त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतं आणि आपण चालत पुढे सरकलो की गोष्टही सरकते. तिथे हलायचं काम बघणाऱ्याचं.

आपल्याकडे कुणी प्रयत्न केले नाहीत असं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. १९५६ च्या सुमारास डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे आधारवड ठरले. त्या तुकडीचा गाजलेला पहिला चित्रपट ‘द बनियन डिअर’, म्हणजे जातककथाच. विजया मुळे यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ तर दूरदर्शन पाहिलेल्या पिढीला तोंडपाठ आहे. पुढे मात्र आपल्या बऱ्याच स्टुडिओंचे दिवस दुसऱ्यांची चित्रं भरून देण्यात गेले. उजीच्या बायकांनीही सुरुवात तीच केली होती.

(दृश्य: खेड्यातलं घर, ओसरी. टेबलावर मातीचा बैल, समोर मोबाइल.)

गेल्या पोळ्याला मी भाचा-भाचीला घेऊन आजोळी हे करून बघितलं. बाजारातला बैल टेबलावर ठेवला, बोटभर सरकवला, फोटो. पुन्हा बोटभर, पुन्हा फोटो. सेकंदाला बारा फोटो धरले होते, चोवीस काढायचा धीर कुणाला? दुपारी सगळे जोडून आजीला दाखवले. तिने चष्मा वर केला.

‘हाऊ बैल चालस कोठे? घसरस.’

बरोबर होतं. पक्क्या मातीचे पाय वाकतील कसे! मग काळी माती भिजवून तारेवर बैल केला. वाळला तसे गुडघे तडकले. शेवटी पोरांच्या दप्तरातली रंगीत क्ले. पाय वाकू लागले, पण बैल मुक्या जिवासारखा चालेना, खुर्चीसारखा चालायला लागला. ‘बँबी’ काढताना डिस्नेने हरणाची पाडसं स्टुडिओत आणून ठेवली होती म्हणे, हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘मग मावशी, आपला तर गोठ्यातच आहे.’

तासभर आम्ही गोठ्यात बसलो. मामाने बैल पुढे-मागे चालवून दाखवला. आधी मान खाली जाते, मग खांद्यावर भार येतो, त्यानंतर पाय उचलतो. हे मामाला जन्मापासून माहीत होतं, आम्हाला त्या दिवशी दिसलं.

मग ढग आले. खिडकीतला उजेड दर मिनिटाला बदलायचा, त्यामुळे जोडल्यावर सगळं लुकलुकायचं. खिडकीला घोंगडी लावली, बल्ब लावला, तर वीज गेली. चार दिवसांत एकशे बत्तीस फोटो. अकरा सेकंद. नवव्या सेकंदाला बैलाचा डावा कान गळून पडतो, आणि भाचीची करंगळी एका फोटोत आलीच आहे.

(दृश्य: तीच अकरा सेकंदं. पिवळा बैल, पाठीवर लहान बोटांचे ठसे. मान खाली, खांदा, पाय. कान पडतो. बैल थांबत नाही.)

आजीने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. एकदा बघितलं, काही बोलली नाही. मग मोबाइल भाच्याच्या हातात परत दिला.

‘आखो दखाड.’ पुन्हा दाखव.