थाट, भपका आणि इंग्रजीचे शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचे आहे ते दिखाऊपणाच्या इंग्रजी शब्दांबद्दल. ऑस्टेन्टेशस, प्रिटेन्शस, गॉडी, गॅरिश, फ्लॅम्बॉयंट, टॉड्री. शब्दकोशात हे शब्द एकमेकांच्या शेजारी सापडतात, अर्थही सारखेच वाटतात. पण यातला प्रत्येक शब्द वेगळ्या ठिकाणी बोट ठेवतो. म्हणून शब्द वापरण्याआधी एवढेच विचारा, की दोष कुणाला द्यायचा आहे? माणसाच्या हेतूला, त्याच्या दाव्याला, की समोरच्या वस्तूला?

ऑस्टेन्टेशस हा शब्द हेतूवर बोट ठेवतो. पैसा खरा, सोने खरे, पण ते चारचौघांचे डोळे दिपावेत म्हणूनच बाहेर काढलेले. याच्या मुळाशी ‘दाखवणे’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. चर्चमध्ये पवित्र प्रसाद भाविकांच्या दर्शनासाठी ज्या सोनेरी किरणांच्या पात्रात ठेवतात, त्याला पोर्तुगीजात ‘ऑस्टेन्सोरियु’ म्हणतात. तोही त्याच मुळाचा. म्हणजे दाखवण्यात मुळात वाईट काहीच नाही. मिरवायची हाव आली की ऑस्टेन्टेशस.

प्रिटेन्शस त्याच्या पुढचा. इथे दावा आहे, पण पाठीमागे ऐवज नाही. दोन पुस्तकांची पाने चाळून विद्वान म्हणून बोलणारा तो प्रिटेन्शस. पुन्हा सांगतो, ऑस्टेन्टेशस माणसाजवळ असते आणि तो ते मिरवतो. प्रिटेन्शस माणसाजवळ नसते, तरी तो आव आणतो.

हा फरक मी गोव्यात, फोंडा महालातल्या एका देवळात पाहिला, तो सांगतोच. जत्रा आठवड्यावर आली होती. बाहेरगावचे, परदेशचे लोकही जत्रेला येतात, म्हणून समितीने यंदा इंग्रजीतही पत्रक काढायचे ठरवले. काम दिले कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाला. मुलगा हुशार, देवळात वाढलेला, जत्रेच्या रात्री पालखीला खांदा देणारा. त्याने आधी मराठीत लिहिले: ‘दिमाखदार पालखी, झगमगते दिवे आणि डौलदार रथ पाहायला या.’ मग फोनवर एकेक शब्द शोधून इंग्रजी केले. छापखान्यातून कच्ची प्रत आली आणि संध्याकाळी सभामंडपात त्याने ती मोठ्याने वाचली. ऑस्टेन्टेशस पालखी, गॉडी दिवे, प्रिटेन्शस रथ.

ऐकायला भारदस्त वाटले. दोघांनी पाठ थोपटली. सोप्यावर बसलेले एक वयस्क महाजन मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, हाचो अर्थ कितें?”

मी पालखीपासून सुरुवात केली. म्हटले, “बाब, या शब्दाप्रमाणे पालखी खऱ्या चांदीची आहे, पण ती देवासाठी काढलेली नाही. शेजारच्या गावाने बघत राहावे म्हणून काढली आहे.”

बाबांचा चेहरा उतरला. तीन पिढ्यांपूर्वी गावातल्या बायकांनी अंगावरचे दागिने दिले, त्यातून त्या पालखीची चांदी उभी राहिली, असे त्या गावात सांगतात. दांड्याच्या टोकाला मकराचे तोंड आहे आणि इतक्या वर्षांच्या हातांनी त्याचे दात झिजून गुळगुळीत झाले आहेत. त्या पालखीला असा शब्द!

“आनी रथ?” त्यांनी विचारले.

मी प्रिटेन्शसचा अर्थ सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हळ्यार रथ भांगराचो न्हय, पूण भांगराचो म्हूण दाखयता?” इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही कोशात वाचलेली नाही. रथ आपला सागवानी लाकडाचा, साधा रंग दिलेला. तो सोन्याचा आहे असे कुणीही कधी म्हटलेले नाही.

खांबापाशी एक आजी अबोलीच्या माळा करत बसल्या होत्या. दिव्यांच्या शब्दाचा अर्थ ‘भडक’ असे मी सांगताच त्यांचे हात थांबले. “तेलाचे दिवे भडक कशे?” त्यांनी विचारले. मग बाहेर दीपस्तंभाकडे मान वळवून म्हणाल्या, “तें मात भडक.” दीपस्तंभाला वरपासून खालपर्यंत लाल, हिरव्या, जांभळ्या विजेच्या माळा गुंडाळल्या होत्या आणि त्या उघडझाप करत होत्या. गॉडी शब्दाचा खरा मालक त्यांनी शोधून दिला.

आता विषय निघालाच आहे तर बोलतो. दीपस्तंभ बांधणाऱ्यांनी प्रत्येक थरावर पणत्यांसाठी जागा ठेवली, ती तेलवातीच्या उजेडाचा विचार करून. त्या जागा रिकाम्या ठेवून वरून विजेच्या माळा गुंडाळणे मला मनापासून खटकते. देवस्थान समित्यांनी निदान जत्रेच्या रात्री तरी वीज बंद करून पणत्या लावाव्यात. तेलाला पैसे लागतात, माणसे लागतात, हे मान्य. पण जत्रेच्या रात्री देवळात माणसांची वाण नसते.

असो. मुलगा हिरमुसला होता. त्याने विचारले, “सर, मग थाटाला इंग्रजीत म्हणायचे तरी काय?” प्रश्न रास्त होता. आपण थाट म्हणतो तेव्हा कौतुक करतो. इंग्रजीतले यातले बहुतेक शब्द नाक मुरडतात. नाक न मुरडणारे वेगळे आहेत: स्प्लेंडिड, मॅग्निफिसंट, ग्रँड. शेवटी त्याने ‘स्प्लेंडिड’ एकदाच वापरला आणि बाकी साध्या वाक्यांत लिहिले, की रात्री चांदीची पालखी बाहेर पडते, पुढे ढोल-ताशे आणि शिंग, मागून लाकडी रथ, पहाटे नाटक. बाबांना अर्थ सांगितला आणि पत्रक छापायला गेले.

उरलेले शब्द आता भराभर. गॉडी आणि गॅरिश, दोन्ही वस्तूला दोष देतात. गॉडीत रंग आणि नटवेपणा जास्त, गॅरिश तर डोळ्यांना खुपतो.

फ्लॅम्बॉयंट मात्र यात वेगळा पडतो. मूळ फ्रेंच, अर्थ ज्वाळांसारखा. फ्रान्समधल्या १५व्या शतकातल्या चर्चच्या खिडक्यांवर ज्वाळेसारखी वळणारी दगडी नक्षी आहे, त्या शैलीला हेच नाव आहे. मे महिन्यात आपल्या रस्त्यांवर पेटणारा गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आणि इंग्रजीत त्यालाही फ्लॅम्बॉयंट म्हणतात. एखाद्या नटाला फ्लॅम्बॉयंट म्हटले तर त्यात बहुधा कौतुकच असते.

टॉड्री म्हणजे दिसायला चमकदार, मालाने हलके. इंग्लंडमधल्या इली गावी एथेलड्रेडा नावाची राणी मठाची प्रमुख झाली. ६७९ साली ती गेली, गळ्यावरच्या गाठीने. तरुणपणी हार घालायची फार हौस होती, त्याचेच हे फळ, असे ती स्वतः मानत असे, अशी कथा आहे. लोक तिला सेंट ऑड्री म्हणू लागले. १७ ऑक्टोबरला तिच्या फेस्ताची फेरी, म्हणजे जत्रा, भरे आणि तिथे बायकांसाठी गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकत. ‘सेंट ऑड्रीची लेस’ बोलता बोलता ‘टॉड्री लेस’ झाली. फिती पुढे स्वस्त, हलक्या होत गेल्या, आणि तो हलकेपणा शब्दाला कायमचा चिकटला. म्हणून जुन्या, जड, खऱ्या पैठणीला टॉड्री कधीच म्हणू नका. तिची कुणी मिरवण्यासाठी मिरवणूक काढली, तर तो माणूस ऑस्टेन्टेशस, पैठणी नव्हे.

नमस्कार.