वाळूखालचं दप्तर: क्रोरैन राज्याची गोष्ट

(दृश्य: दांडिया बाजारातला जुना वाडा. मोडी कागदांचा रुमाल सोडणारे हात.)

बडोद्याचं राज्य कागदावर संपलं. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजवाडे राहिले, आजव्याचं पाणी राहिलं आणि मागे राहिलं भलंमोठं दप्तर: अर्ज, हिशेब, तंटे, हुकूम. इथल्या कितीतरी मराठी घरांतले पूर्वज याच दप्तरात लेखणी चालवून जगले. म्हणून आजची गोष्ट बडोदेकरांना जवळची वाटेल, जरी ती इथून फार लांबची असली तरी.

वाळूत गडप झालेली राज्यं आपण कादंबऱ्यांत वाचतो, गेममध्ये पाहतो. क्रोरैनचं राज्य खरोखर होतं.

(दृश्य: नकाशा. तक्लमकान वाळवंट.)

हिमालय आणि कुनलुन पर्वतांच्या पलीकडे तक्लमकानचं वाळवंट आहे. त्याच्या दक्षिण कडेला, पश्चिमेच्या चडोतपासून पूर्वेच्या लोपनूर सरोवरापर्यंत, हे राज्य पसरलं होतं. चिनी लोक त्याला आधी लौलान म्हणत. इ.स.पू. ७७ मध्ये हान दरबाराच्या दूताने तिथल्या राजाचा खून केला, आपल्या मर्जीतला राजा गादीवर बसवला आणि राज्याचं नाव ठेवलं शानशान. एका बाजूला चीन, दुसऱ्या बाजूला खोतानचं शेजारी राज्य, आणि मधून जाणारा रेशमाचा व्यापार. या कात्रीत राज्य काही शतकं टिकून राहिलं, हेच मला नवलाचं वाटतं.

पण या राज्याचा जीव रेशमात नव्हता. तो पर्वतावरचं बर्फ वितळून येणाऱ्या नद्यांत होता. नदी वाळूत जिथवर पोचेल, तिथवर गाव, शेत आणि झाडं.

(दृश्य: कोरडं नदीपात्र, वाळूतून डोकावणारे घराचे खांब.)

जानेवारी १९०१. हिंदुस्थान सरकारच्या नोकरीतले संशोधक ऑरेल स्टाइन निया नदीच्या कोरड्या टोकाशी पोचले. हेच जुनं चडोत. वाळूत घरांचे सांगाडे उभे होते. आत कागद नव्हता, लाकूड होतं. पाचरीच्या आकाराच्या दोन फळ्या एकमेकींवर बसवलेल्या, मजकूर आतल्या बाजूला, वरच्या फळीला तीन खाचा, खाचांतून दोरी आणि दोरीवर ओल्या मातीत उठवलेला शिक्का. अशा पत्राला तिथे कीलमुद्रा म्हणत. काही शिक्क्यांवर चक्क अथेना ही ग्रीक देवी आहे. लिपी खरोष्ठी. आणि भाषा? गांधारकडची, म्हणजे आजच्या पेशावरच्या बाजूची प्राकृत. पहिलीच ओळ ऐका:

महनुअव महरय लिहति.

महानुभाव महाराज लिहितात. चडोतचा अधिकारी तंजक (त्याचा हुद्दा चोझ्बो) याला हुकूम आहे. ल्यिपेय नावाच्या माणसाची तक्रार आली आहे की साच गावच्या शिपायांनी त्याच्या दोन गायी नेल्या. एक परत केली, दुसरी खाऊन टाकली. तू स्वतः चौकशी कर आणि कायद्याप्रमाणे निवाडा दे. तुला उमगलं नाही, तर पक्षकारांना बंदोबस्तात इकडे पाठव.

एका गायीसाठी राजाचा शिक्का! पुतळे आणि विजयस्तंभ पाहून राज्य कळत नाही, असं मी मानतो. ते अशा तक्रारींतून कळतं. या फळ्यांमध्ये उंटांचे हिशेब आहेत, पाण्याचे तंटे आहेत, दत्तक दिलेल्या मुलाच्या बदल्यात द्यायच्या दुधाच्या मोलाची भांडणं आहेत, स्त्रियांच्या नावावरच्या जमिनी आहेत. डोंगरातून सुपी टोळ्या येतायत, सावध राहा, असे निरोप आहेत. एका नियमाप्रमाणे उपोसथाला, म्हणजे बौद्ध संघाच्या ठरावीक तिथीच्या सभेला, न येणाऱ्या भिक्षूला रेशमाचा एक तागा दंड, आणि गृहस्थाच्या कपड्यांत आला तरी तेवढाच.

एका फळीवर झाडांचा कायदा आहे. जितं झाड तोडलं तर दंड एक घोडा. फांद्या तोडल्या तर एक गाय. वाळू रोखणारी झाडंच होती, आणि हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

(दृश्य: शामळाजीचा परिसर.)

या फळ्यांच्याच काळाच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या आगेमागे आपल्या गुजरातेत, शामळाजीजवळच्या देवनी मोरीला, बौद्ध स्तूप उभा होता. १९६० नंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने तिथे उत्खनन केलं, आणि तिथला अस्थिकरंडक याच विद्यापीठाने सांभाळला आहे. क्रोरैनच्या विहारांतले भिक्षू आणि इथले भिक्षू एकाच बुद्धाला शरण गेलेले होते.

मग राज्य बुडालं कसं? एका दिवसात नाही. चौथ्या शतकात चडोत ओस पडलं. नद्या आखडल्या, पात्रं सरकली, कालवे कोरडे पडले, वर हल्ले होते. इ.स. ४०० च्या सुमारास चिनी यात्री फाहियान इथून गेला. त्याला जमीन रुक्ष दिसली, तरी चार हजारांहून जास्त भिक्षू दिसले. पुढे ४४५ मध्ये चीनमधल्या उत्तर वेई घराण्याच्या सैन्याने राज्य जिंकलं. सातव्या शतकात ह्युएन त्संग परतीच्या वाटेवर इथून गेला, तोवर त्या वैभवाचं फारसं काही उरलं नव्हतं.

(दृश्य: लोपनूरचं पांढरं मिठागर.)

लोपनूर सरोवर विसाव्या शतकात पूर्ण आटलं. त्याच भागात १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिला अणुस्फोट केला. ज्या कोरडेपणाने गावं मारली, त्यानेच लाकूड कुजू दिलं नाही. ओल असती तर ल्यिपेयची गाय कुणालाच कळली नसती.

स्टाइन यांनी आणलेल्या वस्तू लंडन आणि दिल्लीत वाटल्या गेल्या. खरोष्ठी वाचणारे जगात मोजकेच, पण या फळ्या त्यांनी वाचून काढल्या. आपल्याकडे मोडी वाचणारेही कमी होत चाललेत, आणि बडोद्याची हवा तक्लमकानसारखी कोरडी नाही. इथे पावसाळा आहे, वाळवी आहे. तुमच्या माळ्यावर असा एखादा रुमाल पडून असेल, तर या पावसाळ्याआधी तो खाली काढा, मोडी येणाऱ्या माणसासमोर उघडा आणि पानांचे फोटो काढून ठेवा.