परतलेला ताप: जुना की नवा?

श्रोतेहो, नमस्कार.

युगांडात मलेरियाच्या एका औषधाची चाचणी चालू आहे असं धरा. औषध देण्याआधी लहान मुलाच्या बोटातून रक्त घेतलं, मग गोळ्या दिल्या. ताप उतरला, रक्त स्वच्छ झालं. अशा मुलांवर 28 दिवस, काही औषधांच्या बाबतीत 42 दिवस लक्ष ठेवतात. आणि 21 व्या दिवशी रक्तात परजीवी पुन्हा दिसले! आता औषध अपुरं पडलं, की मुलाला नवा डास चावला? सूक्ष्मदर्शकाखाली जुने आणि नवे परजीवी सारखेच दिसतात. म्हणून त्यांची जनुकं तपासावी लागतात.

फाल्सिपेरम या घातक जातीत एमएसपी-1, एमएसपी-2 आणि ग्लर्प ही जनुकं वाणावाणात, म्हणजे परजीवीच्या एकेका उपप्रकारात, कमीजास्त लांबीची असतात. पीसीआरनं त्यांच्या असंख्य प्रती काढतात आणि जेल नावाच्या लगद्यासारख्या थरावर लांबीनुसार वेगळे होऊन उमटलेले पट्टे पाहतात. आधीचे आणि नंतरचे पट्टे जुळले तर संसर्ग जुना, नाही जुळले तर नवा.

एका माणसात एकच वाण असतं तर प्रश्न इथेच मिटला असता. पण मलेरिया जिथे बारमाही आहे तिथे एकाच मुलाच्या रक्तात तीन-चार वाणं सर्रास सापडतात. ती वेगवेगळ्या डासांनी आणलेली असतात, किंवा एकाच डासाच्या एका चाव्यातूनही येतात. ती मोजता येतात, कारण आपल्या शरीरात असताना या परजीवीजवळ 14 गुणसूत्रांचा एकच संच असतो. दुसरी जोड नसते. त्यामुळे एमएसपी-2 चे तीन पट्टे दिसले, तर निदान तीन वाणं आहेतच.

खरी अडचण दडलेल्या वाणाची आहे. पीसीआरमध्ये आखूड तुकड्याच्या प्रती भराभर वाढतात, लांब तुकडा मागे पडतो. संख्येनं थोडं असलेलं वाण तर पहिल्या दिवशी दिसतच नाही. नेमकं तेच औषधाला दाद न देणारं असलं, तर बाकीची मरतात आणि हे एकटं फोफावतं. तपासणारा त्याला नवा संसर्ग ठरवतो आणि औषधाचं अपयश कागदावर येतच नाही. उलटही घडतं: एखादं वाण त्या भागात फार पसरलेलं असेल, तर नवा संसर्ग योगायोगानं जुन्याशी जुळतो आणि चांगलं औषध बदनाम होतं. मला पहिली चूक अधिक धोक्याची वाटते. अपयश 10 टक्क्यांवर गेलं की औषध बदला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते अपयश झाकलं गेलं, तर निरुपयोगी गोळ्या वाटणं चालूच राहतं.

क्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषध आसामात निष्प्रभ ठरू लागल्याचं 1973 मध्ये नोंदलं गेलं. आज आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या सध्याच्या मुख्य औषधाला अंशतः न जुमानणारी वाणं कंबोडियाप्रमाणे रवांडा आणि युगांडातही आहेत. आपल्या गडचिरोलीतही फाल्सिपेरमचंच प्राबल्य आहे, म्हणून ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

सुधारणा होते आहे. ग्लर्पऐवजी मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे, वापरावेत अशी शिफारस 2021 मध्ये झाली. नव्या सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचण्याच्या पद्धतीत, हजारो प्रती एकेक करून वाचल्या जातात आणि शेकडा एक-दोन इतकं थोडं वाणही हाती लागतं. तोवर माझी एक आग्रहाची मागणी आहे: चाचणीच्या अहवालात अपयशाचा, जनुक-तपासणीनं नवे संसर्ग वगळून दुरुस्त केलेला आकडा एकटा छापू नये. दुरुस्तीआधीचा आकडा आणि वापरलेली पद्धत, दोन्ही त्याच्याशेजारी असावीत.