रेग्युलेटरवरची काडेपेटी

श्रोतेहो, नमस्कार. आजचा शब्द आहे रिॲक्टन्स. विजेच्या शास्त्रात तो आहे, मानसशास्त्रातही आहे, आणि फोंड्याच्या आमच्या घरात तर भिंतीवरच होता.

पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवतो ना? तो मोठा काळा डबा. आत रोधाची तार. पंखा हळू केला की तार तापायची, डबा तापायचा. पावसाळ्यात आई त्यावर काडेपेटी ठेवायची, त्यामुळे सर्दावलेली काडी आमच्याकडे कुणी पाहिली नाही.

नव्या रेग्युलेटरात कंडेन्सर असतो. तोही वीज अडवतो, पण जवळपास तापत नाही. घेतलेली ऊर्जा साठवतो आणि परत करतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणून हे देणं-घेणं चालू राहतं. हा रिॲक्टन्स. मोजायचा ओहममध्येच, पण अडवणं आहे, जाळणं नाही. पुन्हा सांगतो, अडवणं आहे, जाळणं नाही.

तर बाबांनी असा रेग्युलेटर स्वतःहून आणला. तो रविवारी बसवायचा होता. शनिवारी भावोजी आले, भिंतीकडे बघून म्हणाले, "बाबा, हा डबा काढाच आता." रविवारी नवा रेग्युलेटर खोक्यासकट कपाटात. मी विचारलं, "बसवणार होता ना?"

"मी कधी म्हटलं?"

दोन उन्हाळे गेले. भाऊ सांगून थकला, वायरमन सांगून थकला.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ साली यालाही रिॲक्टन्सच म्हटलं. ठरवायचा आपला हक्क कुणी काढून घेतंय असं वाटलं, की माणूस उलट्या बाजूला जोर लावतो. बाबांचं रेग्युलेटरशी वाकडं नव्हतंच.

तिसऱ्या मे महिन्यात पेज वाढताना आई म्हणाली, "तो डबा काढू नका हं कधी. माझ्या काडेपेट्या कुठे सुकवू?"

बाबांनी वाडगा खाली ठेवला. "म्हणजे? या घरात काय ठेवायचं ते आता काडेपेट्या ठरवणार?" स्टूल ओढलं, मेन स्विच पाडला, आणि अर्ध्या तासात नवा रेग्युलेटर भिंतीवर!

आई काही बोलली नाही. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा तिने त्या रेग्युलेटरवर हात ठेवून पाहिला. गार. मग काडेपेटी फ्रिजच्या मागच्या जाळीपाशी नेऊन ठेवली.